खालच्या पट्ट्यातलं पाणी

१७ ऑगस्ट, रविवार

पाऊस नाहीच. गवत वाळून तपकिरी झालंय, ओढा जेमतेम घोट्याएवढा. चुका माना टाकून बसलाय. चाकवत मात्र मजेत आहे. त्याला इथे तण म्हणतात, शेजारचे उपटून फेकतात, आणि माझी बेसिंगस्टोकची गिऱ्हाइकं त्याच्या एका जुडीसाठी तासभर गाडी चालवत येतात.

ओढ्याच्या वळणावर, विलोच्या झाडांखाली, काटक्या नि चिखल अडकून पाणी तुंबलंय. गुडघाभर असेल. बरं झालं. झाऱ्या तिथेच भरल्या, वरच्या टाकीपर्यंत खेपा घालाव्या लागल्या नाहीत.

साउथहॅम्प्टनहून ईशाचा फोन. गणपतीला सुट्टी मिळाली लेकीला. उकडीचे मोदक हवेत, नारळ फ्रोझन चालेल म्हणाली. नाही चालणार.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी डिलिव्हरी. मेथी चाळीस जुड्या, चाकवत तीस, चुका फक्त बारा. अंबाडी अजून प्लास्टिकच्या टनेलमध्ये हातभर उंच, पुढच्या महिन्यात.

परत आले तर अरुण ओढ्याकडून पळत येत होता. हा माणूस सोमवार ते शुक्रवार स्क्रीनसमोर आणि शनिवार-रविवार मंडळाच्या कामात, अध्यक्ष ना. ओढा आपल्या कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा त्याला विचार करून सांगावं लागतं. आज विसर्जनाची जागा बघायला गेला होता. "अगं, आपल्याकडे धरण झालंय!"

गेले बघायला. खरंच. कमरेएवढा बांध, आडव्या फांद्या, वरून चिखल लिंपलेला. विलोचे दोन बुंधे पेन्सिलीला टोक काढावं तसे तासलेले. बीव्हर. खाली नदीत आलेत असं ऐकून होतो, पण इथवर चढून येतील असं वाटलं नव्हतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

२४ ऑगस्ट, रविवार

ग्रॅहम कुंपणापाशी आला. ओढ्याच्या पलीकडे त्याच्या गाई. साठ वर्षं याच गावात, बोलतो कमी. म्हणाला, "आत्ताच काढा. बांध नवा आहे, पंधरवड्याच्या आत आहे, तोवर चालतं. एकदा पंधरवडा उलटला की तो त्यांचा. मग फांदीला हात लावायचा तरी लायसन्स."

मी हातमोजे शोधायला लागले. अ. म्हणाला, थांब.

त्याचं म्हणणं एक: बुधवारी गणपती बसणार, आणि या दिवसांत उंदराचं घर मोडायचं?

"हा उंदीर नाहीये, अरुण."

"दात बघ ना त्याचे. नात्यातलाच आहे. बाप्पाचं वाहन आपणहून दारात आलंय आणि तू हातमोजे घेऊन निघालीस."

म्हणणं दोन, खरं म्हणजे हेच: विसर्जन. पाच वर्षं अख्ख्या मंडळाचं विसर्जन आमच्या शेतावर होतं, आणि पाचही वर्षं ग्रॅहमच्या निळ्या टबात. गाईंना पाणी पाजायच्या. ओढ्यात मूर्ती बुडत नाही, नुसती पाय धुऊन उभी राहते. या वर्षी खरं पाणी आहे. अध्यक्षांच्या शेतावर खरं पाणी!

मग त्यानं बोटांवर मोजलं. तेवीस अधिक चौदा, म्हणजे सहा सप्टेंबर. अनंत चतुर्दशी सहालाच. "विसर्जन सहाला. सातला सकाळी काढू. एका दिवसानं काय होतंय?"

मी फार ताणलं नाही. चुका पाण्यानं सावरतोय.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. शाडूची मूर्ती, वीतभर. मोदक एकवीस, त्यातले चार फाटले.

ईशा आली ती तडक ओढ्यावर. तासाभरानं चिखलाचे बूट घेऊन स्वयंपाकघरात. "आई, मी बघितला त्याला! तो इतका क्यूट आहे! चारशे वर्ष इकडे नव्हता तो, लोकांनी सगळा मारून टाकला. आणि आता आपला घरी आला." तिला म्हटलं, आधी बूट काढ. बारीक डोळे केले तिनं. "तू खूश का नाही?"

खूश आहे. कामं खूप आहेत.

३० ऑगस्ट, शनिवार

बांधाला आणखी एक थर. मी पाण्याच्या कडेला बांबू रोवून त्यावर खूण केली होती. चार दिवसांत खुणेच्या वर चार बोटं. पंपाकडे जायची पायवाट बुडाली.

अ.ला दाखवलं. म्हटलं, पाऊस लागला तर काय? म्हणाला, "पाऊस! आकाशाकडे बघ जरा. एक आठवडा, अगं."

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

पाय सुजलेत, पण लिहिते.

अडतीस घरं. गाड्या ग्रॅहमच्या मोकळ्या शेतात लावल्या. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. मी सकाळी सहापासून चुलीशी, ईशा मदतीला. निवडायला बायका होत्या, फोटो काढायला पुरुष.

आरतीनंतर सगळे ओढ्यावर. अरुण कुर्ता खोचून मांडीभर पाण्यात. एकेक मूर्ती हातात घ्यायची, तीनदा बुडवायची, सोडायची. हे मी कबूल करते, छान दिसत होतं. पाच वर्षं टबात मूर्ती ठेवताना लाज वाटायची, ती आज वाटली नाही. सबनीसांनी, म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी, भाषण ठोकलं. "निसर्गानंच आपल्याला घाट बांधून दिला."

शेवटची मूर्ती गेली आणि दहा हातांवर ते डोकं वर आलं. ओलं, तपकिरी, चपट्या कानांचं. पोरं किंचाळली, "उंदीरमामा! उंदीरमामा!" शेपटी पाण्यावर आपटून गेलं आत. नव्वद माणसांनी टाळ्या वाजवल्या. सबनीस डोळे पुसत होते. साक्षात दर्शन, म्हणे.

जाताना प्रत्येक घराला मेथीची जुडी दिली. पट्टा भादरल्यासारखा दिसतोय.

७ सप्टेंबर, रविवार

पाऊस. सकाळी सातला सुरू झाला आणि थांबेचना. अ.ची कंबर धरलीय. दोन तास पाण्यात उभा होता, धरणारच. झोपून आहे. पातेली घासली, मंडप सोडवला, जिलबीचा पाक फरशीवरून खरवडला.

बांध उद्या.

८ सप्टेंबर, सोमवार

अ. मीटिंगमध्ये. मी बागेचा दातेरी काटा घेतला, छातीपर्यंतचे रबरी वेडर चढवले, ओढ्यापर्यंत गेले. आणि तिथे उभं राहून वन्यजीव लायसन्सच्या ऑफिसला फोन लावला. वीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलीत, लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडत नाही मी. म्हटलं, एकदा विचारून घेऊ.

पलीकडची बाई गोड होती. पहिला प्रश्न, "तुम्हाला बांध पहिल्यांदा कधी दिसला?" सांगितलं, तेवीस ऑगस्ट. की-बोर्डची टकटक ऐकू आली. मोजत असावी. "म्हणजे पंधरवडा झाला. मग प्लीज हात लावू नका." अर्ज कुठे करायचा ते ईमेल करते म्हणाली. आणि तुमच्या भागातली बीव्हर ऑफिसर तुम्हाला भेटेल.

तशीच काटा घेऊन परत आले.

जेवताना अ.ला सांगितलं. त्याचा घास हातातच. "तू विचारलंस कशाला?"

मी कशाला विचारलं! चौदा दिवस बांध जपला कुणी? उंदीरमामा कुणाचा? म्हटलं, आता पितृपक्ष लागलाय, तोही होऊन जाऊ दे म्हण. मग नवरात्र आहे. मुहूर्ताला काय तोटा.

तो ताट ठेवून उठला. उठू दे.

१४ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर पाऊस. पाणी खालच्या पट्ट्यात शिरलं. मेथीच्या पहिल्या दोन ओळी गेल्या. मुळं पाण्यात राहिली की मेथी आधी पिवळी होते, मग एका दिवसात चिकट. उपटून पाहिली, मुळाला नासक्या अंड्याचा वास.

इथे आलो तेव्हा या पट्ट्यात फक्त लव्हाळे होते. अकरा वर्षं. तबेल्यातून घोड्याची लीद आणली, पालापाचोळा कुजवला, चर खणून पाणी ओढ्याला काढलं. माती काळी व्हायला चार वर्षं लागली. पहिला चुका उगवला तेव्हा मी नोकरीचा राजीनामा लिहिला. लोकांना वाटलं, डोकं फिरलं. या मातीसाठी मी पांढरा कोट उतरवला, हे अरुणला माहीत आहे. म्हणून जास्त राग येतो.

मी त्याला दहादा सांगितलं होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बीव्हर ऑफिसर आली. हॅना. ईशापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, कोपरापर्यंत चिखल, चांगली पोरगी. बांधावर चालत जाऊन काठीनं खोली मोजली. पलीकडच्या काठाला बीळ दाखवलं, तोंड पाण्याखाली. एकटा नाही, कुटुंब आहे म्हणाली. या वर्षीची पिल्लंसुद्धा.

पर्याय तिनं सांगितले तसे. झाडांना जाळी गुंडाळायची. बांधाच्या पोटातून पाइप घालायचा, म्हणजे पाणी त्या उंचीला थांबतं आणि त्यांना पाण्याचा आवाजही येत नाही. आवाज आला की ते भोक बुजवतात. पाइपला लायसन्स लागेल. पाणी हातभर उतरेल, फार तर.

"माझा पट्टा कोरडा होईल?"

तिनं पट्ट्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे. "वरचा अर्धा, कदाचित."

पकडून दुसरीकडे नेणार नाही का? तो अगदी शेवटचा मार्ग, म्हणाली. आणि ते नेले तरी दुसरे येतील, कारण जागा त्यांना आवडलीय.

जागा मलाही आवडली होती.

२७ सप्टेंबर, शनिवार

अंबाडी वाचली, टनेल उंचावर आहे म्हणून. चुका संपला. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहिलं की पुढचा महिनाभर पालेभाजी नाही. बत्तीस जणींनी रडका चेहरा पाठवला. बेसिंगस्टोकच्या शुभदानं फोन केला. ती सहा वर्षं दर शनिवारी घेते. "अगं, पण बीव्हरमुळे शेतीला फायदा होतो ना? मी वाचलं कुठेतरी. पाणी धरून ठेवतात."

धरून ठेवलंय. ये बघायला.

ईशाशी भांडण. ती म्हणाली, "आई, जुना मॅपमध्ये तो फील्ड नाहीच आहे. तिकडे मार्श लिहिलाय. तू त्याची जागा घेतली, त्यानी परत घेतली." मी म्हटलं, तू कुणाच्या शेतावरचं खाऊन मोठी झालीस? तिनं फोन ठेवला. तिचं चुकलं नाही बहुतेक, म्हणूनच लागलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

पाणी टनेलच्या दारापासून सहा पावलांवर. अ. सुट्टी काढून पट्ट्याच्या वरच्या अंगाला चर खणतोय. कमरेला पट्टा बांधून. दुपारपर्यंत खणलेला चर तितकाच पाण्यानं भरला.

  स्वयंपाकघरात दोघं असलो की बोलण्याऐवजी रेडिओ लावतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

सबनीसांचा मेसेज, अध्यक्षांना आणि मला दोघांना. पुढच्या वर्षी रीडिंग शहरातलं मंडळही विसर्जनाला यायचं म्हणतंय, आपल्या "घाटा"ची कीर्ती पोचली. काठाला जरा लाकडी पायऱ्या करता येतील का? सोबत फोटो, अरुण मांडीभर पाण्यात, मागे बांध अगदी स्पष्ट.

फोटोत पाण्याच्या कडेला माझा पट्टा दिसतो. हिरवागार. त्या दिवसापर्यंत होता.

मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडले. निरोप नाही, काही नाही.

संध्याकाळी अ.नं सबनीसांना फोन केला. मी भांडी घासत होते, मला फक्त त्याचाच आवाज ऐकू येत होता. "नाही. पुढच्या वर्षीही नाही... नाही, ती काही म्हणाली नाही, मीच म्हणतोय... दुसरा अध्यक्ष बघा, सबनीस." मग बराच वेळ "हो, हो."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वरातीमागून घोडं.

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

दिवाळीला दरवर्षी घरच्या चुक्याची आंबट भाजी. यंदा दुकानातला पालक आणि चिंच. दोघंच. ईशाला ड्युटी, किंवा मेसेजमध्ये तसं म्हणाली.

दिवेलागणीला पणती घेऊन दारात गेले. अंधार पडायचा होता. अ. ओढ्याच्या काठी उकिडवा बसला होता. समोर दोन पिल्लं, एक फांदी ओढतंय, दुसरं त्याच फांदीवर बसलंय. अ. हसत होता. कितीतरी दिवसांनी हसताना पाहिला. मला पाहून हसू पुसलं, जसं काही चोरी पकडली.

पणती उंबऱ्यावर ठेवली आणि आत आले. आज तरी बोलवायचं होतं त्याला आत. नाही बोलवलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

टनेलमध्ये पाणी. अंबाडी गेली. खालचा पट्टा आता पट्टा नाही. त्याच्यावर बदकं आहेत.

ग्रॅहम आला. टोपी काढून कुंपणाला टेकला. त्याच्याही दोन एकरात पाणी आहे, गाई वर नेल्यात. म्हणाला, "मी सांगितलं होतं." रागानं नाही म्हणाला. मी म्हटलं, मीही सांगितलं होतं, त्यालाच सांगा. आणि अरुणकडे बोट केलं. अरुण दहा पावलांवर ढकलगाडी धूत होता, त्याला ऐकू गेलं. ग्रॅहम त्याच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना.

तिसऱ्या माणसासमोर नवऱ्याकडे बोट केलं मी. आईनं थोबाड फोडलं असतं माझं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लायसन्सचा फॉर्म. पाइपसाठी. हॅना मदतीला आली, सोबत कागदी फॉर्मही आणला, कारण आमचं इंटरनेट पावसात बसतं. जागेचा नकाशा, नुकसानीचे फोटो, काय काय उपाय करून पाहिले. आणि एक पान, घडलेल्या गोष्टी तारखेवार. पहिल्यांदा कधी दिसलं, तेव्हा काय केलं.

"काही नोंदी असतील तर उत्तम. शेताची डायरी वगैरे. लायसन्स तारखेवर अडत नाही, पण चित्र स्पष्ट होतं."

अरुण म्हणाला, "ही लिहिते ना रोज. हिच्या वहीत सगळं असेल."

त्याला माहीत आहे मी लिहिते. कधी उघडली नाही त्यानं ही वही, तीस वर्षांत.

१६ नोव्हेंबर, रविवार

तारखा काढायला मागची पानं चाळली. आठ सप्टेंबरचा फोन. सहाचं विसर्जन. तेवीस ऑगस्ट, अरुण पळत येतो.

त्याच्या आधीचं पान.

"काटक्या नि चिखल अडकून पाणी तुंबलंय. गुडघाभर असेल. बरं झालं."

सतरा ऑगस्ट. माझंच अक्षर.

तीनदा वाचलं. त्या दिवशी हातानं निघालं असतं. दोन मुठीत. काटा नको, लायसन्स नको, वेडरसुद्धा नको. मी त्यात झारी बुडवली, वाकून. बांध मी आधी पाहिला. सहा दिवस आधी. आणि मला आवडला.

मग पुढचं वाचलं. "मी फार ताणलं नाही. चुका पाण्यानं सावरतोय." "खूश आहे." "छान दिसत होतं." आणि खाली चौदा सप्टेंबरला, "मी त्याला दहादा सांगितलं होतं." मोजलं. दहादा कुठे? एकदा. तीस ऑगस्टला, बांबू दाखवून, तेही प्रश्न विचारल्यासारखं.

चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन महिने रोज देतेय, ताटावर, उंबऱ्यावर, ग्रॅहमच्या समोर. संन्यासी अगदी निर्दोष नाही, ते आहेच. थांब तो म्हणाला. पण थांबायचं मलाही होतं, आणि ते म्हणायला मला तो सापडला.

जेवले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. त्यानं गोळी आणि पाणी आणून ठेवलं. गोळीचं पाकीट उलटं करून एक्सपायरी बघितली त्यानं, माझ्या सवयीनं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अरुणनं त्याचा भाग लिहून ठेवला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या जुड्या तोलायच्या काट्याखाली. बारीक, सरळ इंग्रजी अक्षर, कोड लिहिल्यासारखं. मराठीत उतरवून ठेवते.

बांध पहिल्यांदा मला दिसला. माझी पत्नी तो त्याच दिवशी काढणार होती. आमच्या सणासाठी मी तिला थांबवलं. उशीर झाला तो संपूर्णपणे माझ्यामुळे. ही जमीन तिनं अकरा वर्षं तयार केली आहे. कृपया निर्णय घेताना हे लक्षात घ्यावं.

खाली सही. तारखेचा रकाना तेवढा मोकळा सोडलाय. "तुझ्या वहीत बघून घाल. काही राहिलं असेल तर तेही लिही. हॅना सोमवारी न्यायला येतेय."

इतकं चांगलं वागायची गरज नव्हती. भांडला असता तर सांगून टाकलं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाही सांगितलं.

ईशाचा फोन, भांडणानंतर पहिलाच. बाबा कसे आहेत विचारलं, मग मी कशी आहे. म्हणाली, "आई, सॉरी. मला तुझी फील्डबद्दल वाईट वाटते. तुझा सगळा काम गेला." मी म्हटलं, माझंही चुकलं. कुठलं, ते नाही सांगितलं. तिला वाटलं फोनवर भांडले ते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी खिडकीतून पाहिलं. अरुण खालच्या पट्ट्यात, जिथे पाणी वीतभर आहे तिथे, फावड्यानं माती काढतोय. काळी माती. बादलीत निथळवतो, ढकलगाडीत भरतो, चढ चढून टनेलच्या वरच्या अंगाला नेऊन ओततो. तिथे फळ्यांची चौकट केलीय त्यानं, दोन हात बाय आठ हात. मला न विचारता.

अकराच्या सुमारास मोजलं, चौदावी खेप. चौकटीचा तळही झाकला नव्हता अजून. कमरेचा पट्टा स्वेटरच्या वरून बांधलेला.

चहा घेऊन गेले. कप धरायला हात स्वच्छ नव्हते, म्हणून मी धरला आणि तो प्यायला. दोन घोट.

"ही माती वर टिकेल ना?" म्हणाला.

"निथळली तर टिकेल. वास जायला वर्ष लागेल."

"चुका येईल?"

"मार्चमध्ये पेरून बघू."

खाली ओढ्यात काहीतरी आपटलं. दोघांनी मान वळवली. नुसती वर्तुळं.

"फॉर्म झाला?"

"एक रकाना राहिलाय."

"कुठला?"

"तारखेचा."

"तेवीसच ना?" म्हणाला, आणि ढकलगाडी उचलली.

मी म्हटलं, चहा संपव, गार होतोय. त्यानं संपवला. पंधराव्या खेपेला मी दुसरं फावडं घेतलं आणि त्याच्या मागोमाग पाण्यात उतरले. संध्याकाळपर्यंत काढलं, एकतीस गाड्या. मध्ये तीनदा तोंड उघडलं. एकदा फावडं मागितलं, एकदा विचारलं कंबर कशी आहे, तिसऱ्यांदा नुसतंच उघडलं.

आत्ता तो अंघोळीला गेलाय. फॉर्म समोर आहे, वही उघडी, डावं बोट सतरा ऑगस्टच्या पानात. इथलं कुणी ते वाचू शकणार नाही. हॅना नाही, ईशासुद्धा धड नाही. वाचू शकतो तो एकच माणूस, आणि तो तीस वर्षं ही वही उघडत नाही.

नळ बंद झाला.

वही मिटली नाही अजून.